लाटांमधली तटबंदी

कृष्णराजनगर हे कावेरीकाठचं भाताचं कोठार. इथून समुद्र दूर आहे. तरी दिवाळीनंतर इथली मराठी घरं कोकणात जायचा बेत करतात, तेव्हा आमचं एकच सांगणं असतं: मालवणसाठी एक पूर्ण दिवस ठेवा.

भूमध्य समुद्राकाठच्या कड्यांवरले किल्ले पाहायला जग लोटतं. मालवणचा सिंधुदुर्ग तर समुद्रातच उभा आहे. 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली आणि हिरोजी इंदुलकरांनी काम तडीला नेलं. पायात शिसं ओतलं. तटाच्या वळणात दरवाजा असा लपवला, की होडी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. चहूकडे खारं पाणी, पण आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी!

2025 साली युनेस्कोने सिंधुदुर्गासह मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले. मान मिळाला, आता जपणूक आपल्याकडे. तटावर नाव कोरू नका, प्लॅस्टिक परत आणा आणि मुलांना त्या विहिरींत डोकावू द्या. दुर्गबांधणीतली दूरदृष्टी त्यांना तिथेच समजेल.

– संपादक