केसाने गळा

परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आमच्या टीममधला एक पोरगा चहाचा कप घेऊन शेजारी येऊन टेकला. वय वर्षं २५. इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि मोबाईल माझ्यापुढे सरकवला. मला वाटलं, ह्यानेही पेपर टाकला! पण स्क्रीनवर होतं केसगळतीचं किट. "तू पण वापरत होतास ना हे? घेऊ का?"

चहा संपेपर्यंत मला त्याला धड उत्तर देता आलं नाही. ते उत्तर आज शनिवारी सकाळी निवांत लिहितोय.

आधीच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. आणि मी औषधांच्या विरोधातही नाही. 'अरे खोबरेल चोळ, सगळं ठीक होतं' म्हणणाऱ्या मावशीच्या पक्षात तर मुळीच नाही. माझं भांडण आहे ते आठ प्रश्न विचारून, पाच वस्तू एका खोक्यात भरून घरपोच पाठवणाऱ्या धंद्याशी.

तर माझी कहाणी. २०२२ साली मी २८ चा होतो. कांदेपोह्यांचा मोसम चालू. आई म्हणायची, "फोटोत टोपी घालू नकोस रे, लोकांना उगाच संशय येतो." संशय कसला, खात्रीच व्हायची वेळ आली होती :) एका रविवारी रात्री मोबाईलवर आठ प्रश्नांची उत्तरं दिली, डोक्याचा फोटो चढवला आणि दहा मिनिटांत सहीशिक्क्याचं प्रिस्क्रिप्शन तयार! त्या डॉक्टरांना मी पाहिलं नाही. त्यांनी मला पाहिलं, पण फक्त वरून.

खोक्यात निघालं काय? मिनॉक्सिडिलची बाटली, फिनास्टेराइडच्या गोळ्या, बायोटिनच्या गमीज, एक शाम्पू आणि एक कसलंसं तेल. पाचही एकाच सोमवारी सुरू केलं.

दोन महिन्यांनी झोप उडाली. मधेच छातीत धडधडायचं. आणि मन असं काही बसलं की सकाळी अंथरुणातून उठायचंसुद्धा ओझं वाटायला लागलं. बाकी जे बिघडलं ते आपण जवळच्या मित्रांशीही बोलत नाही, त्यामुळे इथे समजून घ्या. हे कशामुळे? बाटलीमुळे, गोळीमुळे, की त्याच वेळी चालू असलेल्या रिलीजच्या रात्रपाळ्यांमुळे?

ऑफिसात एखाद्याने शुक्रवारी संध्याकाळी पाच बदल एकदम प्रॉडक्शनवर ढकलले आणि घरी निघून गेला, तर सोमवारी आपण त्याची काय पूजा बांधतो ते तुम्हाला माहीत आहे. एका वेळी एक बदल, आधी बॅकअप, आणि बिघडलंच तर परत फिरायची वाट. हे नियम मी दुसऱ्यांना शिकवतो. आणि स्वतःच्या शरीरावर नेमका तोच शुक्रवारचा उद्योग मी पैसे मोजून करून घेतला होता.

आता ह्या गोळ्या-बाटल्यांची ओळख करून घेऊ. कारण किटवाले त्यांना एकाच माळेचे मणी असल्यासारखे विकतात, आणि ते तसे नाहीत.

मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. अमेरिकेत १९७९ साली गोळी म्हणून आलं. ती घेणाऱ्यांच्या अंगावर भलभलत्या ठिकाणी केस यायला लागले, आणि मग त्याचंच लोशन झालं. पुरुषांसाठी २ टक्क्यांच्या लोशनला तिथे १९८८ साली मान्यता मिळाली. ते टक्कल पाडणाऱ्या हार्मोनला हातही लावत नाही, फक्त केसाच्या वाढीचा काळ लांबवतं. डोक्याच्या त्वचेतल्या एका एन्झाइमने त्याचं रूपांतर केलं तरच ते चालतं, म्हणून काहींना दिसतो तसा फायदा सगळ्यांना दिसत नाही. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात, आणि अर्धी जनता तिथेच घाबरून सोडते. बंद केलं की काही महिन्यांत कमावलेलं सगळं जातं. आणि घरात मांजर असेल तर सावधान, हे लोशन मांजरांना विषारी आहे.

फिनास्टेराइडचा मार्ग वेगळा. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी बनवणारं एन्झाइम ते अडवतं. हा डीएचटीच आनुवंशिक टक्कलाचा खरा कारभारी. १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठी आली, १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची केसांसाठी. रक्तातला डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी उतरतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या १,५५३ पुरुषांवरच्या चाचणीत दोन वर्षांनी गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के लोकांची गळती थांबलेली होती, खोटी गोळी घेणाऱ्यांत फक्त २८ टक्क्यांची. ह्या आकड्यांना मी तरी सलाम ठोकतो. माझा एक जुना रूममेट सात वर्षं हीच गोळी घेतोय आणि मजेत आहे.

ड्युटास्टेराइड म्हणजे थोरला भाऊ. एन्झाइमचे दोन्ही मुख्य प्रकार अडवतो, डीएचटी ९० टक्क्यांहून जास्त खाली आणतो. २०१४ साली आलेल्या ९१७ पुरुषांच्या चाचणीत सहा महिन्यांत त्याने फिनास्टेराइडपेक्षा जास्त केस आणले. दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये केसांसाठी त्याला मान्यता आहे, अमेरिकेत नाही. पण खरी गोम पुढेच आहे. फिनास्टेराइड थांबवलं की साधारण दोन आठवड्यांत डीएचटी मूळ पातळीवर येतो. ड्युटास्टेराइड अर्धं उतरायलाच सुमारे पाच आठवडे लागतात, शेवटच्या गोळीनंतर सहा महिने रक्तदान करू नका असं कंपनीच सांगते. म्हणजे ताकद जास्त, पण परतीची गाडी फार उशिरा. 'सर्वात पॉवरफुल कोणतं' असं विचारणाऱ्यांनी 'सर्वात लवकर मागे कोणतं घेता येतं' हेही विचारावं.

आणि बायोटिन? शरीरात त्याची कमतरता नसेल तर आनुवंशिक टकलावर त्याचा उपयोग शून्य. वर ते थायरॉइडसारख्या रक्ताच्या तपासण्यांचे आकडे बिघडवू शकतं. केस का गळतात हे शोधायला ज्या तपासण्या करायच्या, त्याच बिघडवणारी गमी किटमध्ये फुकट! वा रे वा.

आता दुष्परिणाम. इथे दोन टोळ्या आहेत आणि दोन्ही आपल्याला फसवतात. एक म्हणते, 'काहीही होत नाही, दोन टक्के वगैरे.' दुसरी म्हणते, 'घेतलीस की मेलास.' माहितीपत्रकातले आकडे असे: पहिल्या वर्षात लैंगिक तक्रार फिनास्टेराइड घेणाऱ्यांत ३.८ टक्के, खोट्या गोळीवर २.१ टक्के. फरक छोटा आहे, शून्य नाही. २०१२ साली अमेरिकेत पत्रकात भर पडली की काहींच्या तक्रारी गोळी थांबवल्यावरही चालू राहिल्या. आणि मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाच्या सुरक्षा समितीने आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. गोळीचे फायदे जोखमीपेक्षा जास्त आहेत, हेही त्याच समितीने म्हटलं. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची. एकच वाचून दुसरं खिशात घालणाऱ्याचा काहीतरी माल विकायचा असतो, मग ती गोळी असो की भीती.

किटवाल्यांचा आवडता युक्तिवाद मला ठाऊक आहे. 'सांगितलं की लोकांना उगाच जाणवायला लागतं.' ह्यात तथ्य आहे. २००७ च्या एका इटालियन अभ्यासात प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ज्यांना लैंगिक दुष्परिणाम आधी सांगितले होते त्यांच्यात तक्रारी ४३.६ टक्के निघाल्या, न सांगितलेल्यांत १५.३. मन असं खेळतं खरं. पण म्हणून लपवायचं? बग कळवणारे वाढले म्हणून बग कळवायचं पानच बंद करणारा मॅनेजर तुम्हाला चालेल का?

दुसरा युक्तिवाद: 'तालुक्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञ कुठे मिळतो? आम्ही तर सोय करतोय.' मान्य. मोबाईलवरून डॉक्टर भेटायला माझी हरकतच नाही. हरकत आहे ती न विचारलेल्या प्रश्नांना.

मी शेवटी ज्या डॉक्टरबाईंकडे गेलो, त्यांनी पाच मिनिटं डोकं बघितलं आणि पंधरा मिनिटं मला विचारलं. रक्तदाब किती? आणखी कोणती औषधं चालू आहेत? लग्न झालंय का, घरात गरोदर कुणी आहे का? (फुटलेली फिनास्टेराइडची गोळी गरोदर बाईने हाताळायची नसते, पोटातल्या मुलग्याला धोका असतो.) आणि मग, "पूर्वी कधी डिप्रेशनसाठी उपचार घेतलेत का तुम्ही?"

घेतले होते. २०१९ मध्ये, आठ महिने. आठ प्रश्नांत हा एक प्रश्न नव्हता. शाम्पू कुठला वापरता, हा मात्र होता.

त्यांनी सगळं बंद करायला लावलं. दोन महिन्यांनी हळूहळू मी ताळ्यावर आलो. मग त्यांच्या सल्ल्याने फक्त मिनॉक्सिडिल सुरू केलं, तेव्हापासून तेच चालू आहे. धडधड परत आली नाही. माझी ती अवस्था फिनास्टेराइडमुळे झाली का? मला माहीत नाही, आणि आता कधीच कळणार नाही. पाच गोष्टी एकदम सुरू करून पाचही एकदम थांबवल्यावर कळणार कसं? माझी मुख्य तक्रार हीच आहे. त्यांनी मला औषध विकलं ह्याचा राग नाही, त्यांनी मला माझ्याच शरीराबद्दल काही कळायची सोय ठेवली नाही ह्याचा आहे.

आपल्याकडे औषध नियमांच्या 'शेड्यूल जे' मध्ये अशा व्याधींची यादी आहे ज्या बऱ्या करतो असा दावा कुठल्याही औषधाने करायचा नाही. त्या यादीत टक्कल आहे. आता तुमच्या मोबाईलवरच्या जाहिराती आठवा आणि हसा. किंवा रडा.

तर त्या पोराला मी काय सांगितलं? किट घेऊ नकोस, डॉक्टर घे. समोरचा असो की व्हिडिओवरचा, पण प्रश्न विचारणारा. एका वेळी एकच औषध सुरू कर, सहा महिने दे. दर महिन्याला त्याच दिव्याखाली फोटो काढ. आणि घरात एका माणसाला सांगून ठेव की हे चालू आहे, मी बदललेला वाटलो तर बोल. कारण मन बसायला लागलं की ते आपलं आपल्याला शेवटी कळतं. तसं झालं तर गोळी थांबव, डॉक्टरला त्याच दिवशी फोन कर. रात्री-बेरात्री कुणीच नसेल तर सरकारची टेलीमानस आहे, १४४१६.

तो म्हणाला, "एवढं सगळं? केसांसाठी?"

म्हटलं, बाबा रे, केस गेले तर टोपी मिळते.