होडीच्या तळाचे बूच

राजपुरी खाडीच्या माथ्याशी म्हसळा भागात शेतीला मासेमारीची जोड देणाऱ्या कुटुंबांकडे आता फायबरच्या लहान यांत्रिक होड्या आहेत. इंजिनाची निगा सर्वच राखतात. मागील बाजूस तळाशी असलेल्या, साचलेले पाणी काढण्याच्या भोकाचे बूच मात्र उपेक्षित राहते. आमच्या मते ही उपेक्षा अधिक घातक होय. इंजिन बंद पडले तर वल्हे मारता येते. परंतु २५ मिलिमीटर व्यासाचे उघडे भोक पाण्याखाली ३० सेंटिमीटर असेल, तर मिनिटास सुमारे ४० लिटर पाणी आत शिरते. जाळे ओढण्याच्या धांदलीत ते उशिरा ध्यानी येते.

लाकडी खुंटीस चिंध्या गुंडाळून ठोकण्याची रीत त्याज्य समजावी. भिजून फुगलेली खुंटी उन्हात आकसते, आणि ठोकताना फायबरास तडे जातात. आट्यांचे पितळी बूच बरे. पण खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त झिजून आटे ठिसूळ होतात. तांबूस छटा दिसताच ते बदलावे. काशाचे महाग पडते, तथापि टिकते.

ओहोटीस होडी चिखलात बसते. आट्यांत गाळ राहिल्यास बूच घट्ट वाटते, पण पुरते बसलेले नसते. म्हणून आटे धुऊन ग्रीस लावावे, तडकलेला रबरी वायसर बदलावा. १ जूनपासूनच्या मासेमारीबंदीत काठावर ओढलेल्या होडीचे बूच पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून काढतात, हे योग्यच. मात्र ते कोठे ठेवले, हे नारळी पौर्णिमेस आठवत नाही! ते इंजिनाच्या मुठीसच बांधावे. एक जादा बूच होडीत असावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जाळ्यांची विचारपूस करताना हे बूचही काढवून पाहावे.