मूल म्हणजे वाटणीचे शेत नव्हे

जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव मराठी माणसाला ठाऊक आहे ते ११ मार्च १७९५ च्या विजयामुळे. निजामावरील त्या मोहिमेत पेशवे सवाई माधवराव जातीने उपस्थित होते आणि त्यांचे वय तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते. जन्मापूर्वीच पित्याचा खून झालेला, तिसऱ्या वर्षी मातृछत्र हरपलेले, आणि बालपण सारे कारभाऱ्यांच्या काटेकोर देखरेखीत गेलेले. विजयाला आठ महिने होण्याआधीच, ऑक्टोबर १७९५ मध्ये, शनिवारवाड्यातून खाली पडून त्यांचा अंत झाला. खर्ड्याच्या पराक्रमाचे स्मरण करताना त्या मुलाच्या एकाकीपणाकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

सवाई माधवरावांचे आईवडील काळाने हिरावून नेले. परंतु दोघेही हयात असताना त्यांपैकी एकाला मुकलेली मुले आज आपल्या आसपास वाढत आहेत. हा प्रश्न केवळ पुण्या-मुंबईचा आहे, या भ्रमात आपण राहू नये. आई मुलाला घेऊन माहेरी खर्ड्यात, वडील नोकरीनिमित्त पुण्यात आणि दोघांच्या मध्ये न्यायालयाचा कागद, असे चित्र ग्रामीण भागालाही आता अपरिचित राहिलेले नाही.

या बाबतीत कायद्याची दिशा स्पष्ट आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ नुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. कलम १३ मात्र सर्वांच्या वर मुलाचे हित ठेवते. ताबा एकाकडे दिला तरी दुसऱ्याची भेट ठरवून दिली जाते : एखादा रविवार, दिवाळी व मे महिन्याच्या सुट्टीचा काही भाग, दूरध्वनीवरील संभाषण. विधी आयोगाने मे २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याचा पुरस्कार केला आणि आजी-आजोबांच्या सहवासाचाही विचार केला. जानेवारी २०२० मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने आई व वडील या दोघांचेही प्रेम मिळणे हा मुलाचा हक्क असल्याचे सांगितले. हक्क मुलाचा आहे, ही या साऱ्यातील मर्माची गोष्ट आहे.

प्रत्यक्षात काय घडते? भेटीच्या दिवशीच मुलाला ताप येतो, नेमकी त्याच दिवशी मावशीकडे वास्तुशांत निघते. दुसरीकडे, भेटीसाठी भांडणारा पिता आदेश मिळाल्यावर दोन महिन्यांत येईनासा होतो. मूल मात्र नवा सदरा घालून दारात उभे असते. मग पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. खर्ड्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन येण्यात अख्खा दिवस जातो आणि शेताच्या बांधावरून भांडावे तसे दोन घरे मुलावरून भांडत राहतात.

या अवस्थेचे खापर पाश्चात्त्य जीवनशैलीवर फोडून मोकळे होणे सोपे आहे. चंगळवादाचा आघात आपल्या कुटुंबव्यवस्थेवर झाला, हे खरेच. परंतु 'तुझा बाप तसलाच' किंवा 'तुझ्या आईने घर मोडले' हे वाक्य मुलाच्या कानी घालणारे पुष्कळदा आपल्याच घरातील वडीलधारे असतात. वाल्मीकींच्या आश्रमात वाढलेल्या लव-कुशांच्या मुखी पित्याची निंदा नव्हती, त्याचे चरित्र होते. सीतामाईचे दुःख का लहान होते? तरीही ते मुलांच्या मनात विष होऊन उतरले नाही. ज्यांना परंपरेचा अभिमान आहे, त्यांनी हा आदर्श आपल्या उंबरठ्याच्या आतही मानला पाहिजे.

जेथे मारहाण आहे, व्यसन आहे, मुलाच्या जिवाला धोका आहे, तेथे भेट न्यायालयाच्या देखरेखीखालीच व्हावी. तेथे समेटाचा आग्रह धरणे हा अन्याय ठरेल. परंतु इतर ठिकाणी समाजाला करण्यासारखे पुष्कळ आहे. गावातील एखाद्या विश्वासू घराने भेटीसाठी आपली ओसरी मोकळी करून द्यावी. मुलाला पोहोचवण्याचे व परत आणण्याचे काम मामाने किंवा काकाने, तोंडातून कडू शब्द न काढता करावे. दिवाळीचा पाडवा एका घरी झाला तर भाऊबीज दुसऱ्या घरी व्हावी. घरोघरी संपर्क असलेल्या कार्यकर्त्याला हे काम वकिलापेक्षा अधिक सहज साधेल. मात्र त्याने कोणा एकाचा पक्ष घेता कामा नये.

पती-पत्नीचे नाते तुटले तरी आई-वडिलांचे नाते उरतेच. न्यायालय भेटीचा वार आणि वेळ ठरवून देईल. त्या वेळी मुलाच्या हाती खाऊचा पुडा द्यायचा आणि हसतमुखाने 'जा, बाबांना भेटून ये' म्हणायचे, की रुसलेल्या चेहऱ्याने दार लावून घ्यायचे, हे त्या घरातील माणसांनीच ठरवायचे आहे.