फ्रेंच आले असते तर...



आम्हा क्रॉयडनकर मराठी मंडळींत जेवणानंतर इतिहास निघाला की कुणीतरी म्हणतेच, "अमेरिकेसारखी आपल्यालाही फ्रेंचांची मदत मिळाली असती तर!" मला हा उसासा पटत नाही.

सोळाव्या लुईला काही लोकशाहीचा उमाळा आला नव्हता. इंग्रजांवर जुना सूड उगवायचा होता. तोही उघडपणे कधी? ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगाला एक अख्खी ब्रिटिश फौज शरण आल्यावर. फेब्रुवारी १७७८ मध्ये करार झाला आणि १७८१ मध्ये फ्रेंच आरमार व फौज यांच्या जोरावर वॉशिंग्टनने यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसला शरण आणले.

त्याच १७७७ साली सेंट ल्यूबिन हा फ्रेंच गृहस्थ पुण्यात नाना फडणवीसांकडे आला होता. अडीच हजार गोरे सैनिक आणण्याच्या गोष्टी त्याने केल्या. आले कुणीच नाही. इंग्रज मात्र बिथरले. तरी जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईकर इंग्रजांची फौज मराठ्यांनी एकट्याने कोंडलीच. आपलेही साराटोगा झाले होते!

पुढे महादजी शिंद्यांनी परकी विद्या विकत घेतली. डी बॉइनने उभी केलेली कवायती पलटणे उत्तम होती. पण १८०३ मध्ये समोर जनरल लेक आला (हा यॉर्कटाउनला शरण गेलेल्यांपैकीच एक) आणि शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ नोकरी सोडून त्याच्याच आश्रयाला गेला. कंपनीच्या जाहीरनाम्यानंतर इंग्रज अधिकारीही निघून गेले. तोफा आपल्या, पैसा आपला, लासवारीला जिवावर उदार होऊन लढले ते शिपाईही आपले. हुकूम देणारे तेवढे आपले नव्हते.

अमेरिकेने १८०२ मध्ये वेस्ट पॉइंटला स्वतःची लष्करी शाळा काढली. कंपनीने १८०९ मध्ये काढली ती आमच्या इथेच, अ‍ॅडिसकोंबला. गणित, तटबंदीशास्त्र, शिवाय हिंदुस्तानीसुद्धा शिकवत. १८६१ मध्ये ती बंद झाली. आउट्राम, हॅवलॉक, कॅनिंग ही नावे रस्त्यांवर उरली आहेत. शनिवारी भाजी आणायला मी तिथूनच जातो. पुण्याला पेशवाईत अशी शाळा का निघाली नाही, हा प्रश्न मला फ्रेंच आरमारापेक्षा जास्त छळतो.

पेराँला मात्र मी फार नावे ठेवत नाही. वीस वर्षे मीही परक्यांच्याच प्रयोगशाळेत पगारी आहे.