वगळलेल्याचे काम

बार्शीतील एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी वाढदिवस रात्रीच साजरे होत. दुकान आठला बंद होई, रोजमेळ मिळवून माणसे साडेआठपर्यंत घरी येत आणि मग केक कापला जाई. केक अंडे नसलेलाच असे. त्याविषयी घरात दुमत नव्हते. तरीही घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती, म्हणजे आजी, त्यातील तुकडा कधी तोंडात घालत नसत. चाळीस वर्षांपासून त्यांचा रात्रीभोजनाचा त्याग आहे. शिवाय बेकरीच्या जिनसांत लोणी असण्याचा संभव, आणि शास्त्रात मद्य, मांस व मध यांच्या पंक्तीला लोण्याचीही गणना त्याज्य म्हणून केली आहे. 'तुम्ही घ्या, माझं केव्हाच झालं,' असे म्हणून त्या हसतमुखाने बाजूच्या खुर्चीवर बसत. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. आजींना तर नाहीच.

ते वावगे वाटले नातीला, आणि तेही दोन वर्षे घराबाहेर राहून परत आल्यावर.

नात उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात गेली होती. तिकडे स्नेहसंमेलन असले की प्रत्येक कुटुंब घरून एक पदार्थ करून आणते. त्यात 'बार' नावाच्या गोड वड्या हमखास असतात. एका मोठ्या चौकोनी थाळ्यात भाजायच्या आणि कापून सर्वांना वाटायच्या, असा त्यांचा सुटसुटीत प्रकार. त्यांतली लिंबाची वडी विशेष लोकप्रिय आहे. खाली खुसखुशीत बिस्किटासारखा थर, वर आंबटगोड, पिवळाधमक, मऊ थर आणि त्यावर भुरभुरलेली पिठीसाखर. नातीने विचारले तेव्हा करणाऱ्या बाईंनी आनंदाने कृती सांगितली. वरच्या थरात चार अंडी होती. मग प्रत्येक संमेलनात नात रिकामी बशी हातात धरून 'मला भूक नाही' असे म्हणत राहिली. घरी परतल्यावर पहिल्याच वाढदिवसाला बाजूच्या खुर्चीवरचे आजींचे वाक्य तिने ऐकले, आणि ती रिकामी बशी तिला आठवली. आपण परमुलखात दोन वर्षे जे केले, ते आजी स्वतःच्या घरात चाळीस वर्षे करीत आल्या आहेत, हे तिच्या ध्यानात आले.

मार्गशीर्षात आजींचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. त्या दिवशी आजींना खाता येईल अशी लिंबाची वडी करायची, असे तिने ठरविले.

पहिला प्रयत्न साफ फसला. खालच्या थराला 'शॉर्टब्रेड' म्हणतात. हा मूळचा स्कॉटलंडचा पदार्थ. त्याचे प्रमाण व्यापाऱ्याच्या सहज लक्षात राहावे असे आहे: एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग पीठ. नातीने 100 ग्रॅम लोण्याऐवजी 100 ग्रॅम तूप घेतले, तेही पातळ केलेले. वरच्या थरातून अंडी काढून टाकली आणि दोन चमचे पीठ अधिक घातले. भट्टीतून थाळा बाहेर आला तेव्हा खालचा थर तुपात पोहत होता, कडा ढासळल्या होत्या आणि वर लिंबाचा पाक वाहत होता.

आजी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी चिमूटभर थर बोटांत चुरून पाहिला.

'तूप किती घातलंस?'

'लोण्याइतकंच, आजी. 100 ग्रॅम.'

'अगं, शेरभर लोणी कढवून शेरभर तूप कधी निघालंय का? लोण्यात पाणी असतं. ते कढवताना उडून जातं.'

आजींनी हे कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते. पुस्तकही तेच सांगते. बाजारच्या लोण्यात स्निग्धांश सुमारे 80 टक्के असतो आणि उरलेला बहुतेक भाग पाण्याचा. तूप मात्र जवळजवळ निखळ स्निग्ध. म्हणून 100 ग्रॅम लोण्याच्या जागी 80 ग्रॅम तूप पुरते, आणि लोण्यातील पाणी पीठ एकत्र धरण्याचे जे काम करीत होते, त्यासाठी चमचाभर दूध घालावे लागते. तूपही पातळ नव्हे, थिजलेले रवाळ हवे. त्याचा थर पिठाच्या कणांना लपेटून घेतो, त्यामुळे पिठात चिकट तंतू तयार होत नाहीत आणि पदार्थ खुसखुशीत होतो. परदेशी नाव बाजूला ठेवले तर हे आपले मोहनच आहे. शंकरपाळ्यात, चिरोट्यात आणि नानखटाईत जे काम मोहन करते, तेच काम येथे होते. पन्नास वर्षे दिवाळीचा फराळ करणाऱ्या हातांना ते वेगळे शिकवावे लागले नाही.

दुसऱ्या खेपेस खालचा थर उत्तम झाला. आता प्रश्न उरला वरच्या थराचा. अंड्याची तेथे तीन कामे होती: रस घट्ट धरणे, त्याला स्निग्धता देणे आणि रंग देणे. रंगासाठी केशराच्या काड्या आल्या, स्निग्धतेसाठी चमचाभर तूप आले. घट्टपणासाठी पर्याय अनेक आहेत, पण बहुतेक गाळावे लागतात. जिलेटीन प्राण्यांच्या कातडीपासून व हाडांपासून काढतात. आरारूट आणि टॅपिओका कंदमुळांतून येतात. उरते ते मक्याचे सत्त्व, म्हणजे कॉर्नफ्लोअर. आजींनी पाकिटावरचे छापील शब्द नातीकडून अक्षरशः वाचून घेतले. त्यात मक्याखेरीज काही नाही याची खात्री पटल्यावरच पाकीट ओट्यावर आले. हिरवे चिन्ह पाहून त्या थांबल्या नाहीत हे योग्यच झाले. ते चिन्ह पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते. त्यात लोणी, मध किंवा कंदमूळ नाही असे ते सांगत नाही.

नातीने साखर, पाणी, कॉर्नफ्लोअर आणि लिंबाचा रस एकत्र करून पंधरा मिनिटे चांगले उकळले. मिश्रण प्रथम दाट झाले, मग पुन्हा सैल पडू लागले. निवल्यावर सुरी फिरवली तर वडीची कड जागेवर राहीना. या वेळी आजींनी दारातून आत यायची वाट पाहिली नाही.

'लिंबू कधी पिळलंस?'

'सुरुवातीलाच.'

'साराला, पोह्यांना लिंबू कधी पिळतात? भांडं खाली उतरवल्यावर. उकळलेलं लिंबू कडवटतं.'

आजींचा आक्षेप चवीचा होता, पण त्यात घट्टपणाचेही उत्तर होते. लिंबाच्या रसात साधारण 5 ते 6 टक्के सायट्रिक आम्ल असते. आम्ल आणि उष्णता दोन्ही एकत्र आली की सत्त्वाच्या लांब साखळ्या तुटतात आणि दाट झालेले मिश्रण पातळ होते. म्हणून सत्त्व आधी पाण्यात पूर्ण शिजवून घ्यावे आणि आच बंद केल्यावर रस मिसळावा. आणखी एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. अंडे आचेवर घट्ट होते, सत्त्व मात्र निवताना आळते. त्यामुळे भट्टीतला वेळ वाचतो, पण निवण्याचा वेळ द्यावा लागतो.

लिंबाचा हिशेबही वेगळा ठरला. अमेरिकेतील कृतीतले लिंबू मोठे, जाड सालीचे आणि वेगळ्या जातीचे असते. आपले कागदी लिंबू त्याहून लहान, नावाप्रमाणे पातळ सालीचे आणि अधिक आंबट. अमेरिकेतच फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवरील 'की लाइम' नावाचे जे लिंबू गोड पदार्थांसाठी प्रसिद्ध आहे, ते आणि कागदी लिंबू वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीचे. म्हणजे बार्शीच्या मंडईतले लिंबू या पदार्थाला परके नाही. सालीचा फक्त वरचा रंगीत भाग हलक्या हाताने किसावा. आतला पांढरा भाग कडू असतो. सुवास सालीतील तेलात असतो, म्हणून कीस साखरेबरोबर बोटांनी चोळून घ्यावा.

तिसऱ्या खेपेस जमलेले प्रमाण असे आहे. 20 सेंटिमीटरच्या चौकोनी थाळ्यासाठी घरी दळून बारीक चाळलेले गव्हाचे पीठ 150 ग्रॅम, पिठीसाखर 50 ग्रॅम, थिजलेले तूप 80 ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि एक मोठा चमचा दूध. हे बोटांनी चोळून एकत्र करावे, थाळ्यात कागद घालून त्यावर सारखे दाबावे, काट्याने टोचे मारावेत आणि 170 अंश सेल्सिअसवर सुमारे 25 मिनिटे, कडा तांबूस होईपर्यंत भाजावे. वरच्या थरासाठी साखर 150 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 40 ग्रॅम, पाणी 250 मिलिलिटर, दोन लिंबांच्या सालीचा कीस, केशर, आणि पाच-सहा लिंबांचा 80 मिलिलिटर गाळलेला रस. कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवावे, साखर, कीस व केशर घालून सतत ढवळत उकळी आणावी आणि उकळी आल्यावर दोन मिनिटे शिजवावे. आच बंद करून चमचाभर तूप व रस मिसळावा आणि मिश्रण लगेच भाजलेल्या थरावर ओतावे. किमान तीन तास हलवू नये. ज्या घरी कॉर्नफ्लोअर चालत नाही, तेथे तांदळाचे ताजे बारीक पीठ वापरता येते. मात्र त्याचे प्रमाण वाढवावे लागते आणि वडी तितकी चकचकीत होत नाही. हिवाळ्यात नागपुरी संत्री आली की थोड्या पाण्याऐवजी त्यांचा रस घालावा. फक्त तो गोड असतो, तेव्हा साखर कमी करावी आणि लिंबाचा रस पूर्ण काढू नये. लिंबाप्रमाणे तोही आच बंद केल्यावरच मिसळावा.

वडी जमली, तरी एक अडचण राहिलीच होती. ती स्वयंपाकघरातील नव्हती.

आजी सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे आधी, भोजन आटोपतात. मार्गशीर्षात सूर्य सहाच्या आतच मावळतो, म्हणजे पाचच्या सुमारास सारे संपले पाहिजे. वरच्या थरात पाणी असल्याने वडी दुसऱ्या दिवसावर ठेवता येत नाही. खालचा कोरडा थर आदल्या दिवशी भाजून ठेवता येईल, पण वरचा त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवायला हवा. नातीने वेळापत्रक कागदावर मांडले. साडेअकराला वरचा थर ओतायचा, तीनला कापायचा, साडेचारला सर्वांनी एकत्र बसायचे. आणि तो वार होता बुधवार. त्या वेळी दुकानात मालाच्या गाड्या उतरत असतात.

तिने कागद वडिलांपुढे ठेवला. वडिलांनी तो दोनदा वाचला. 'चाळीस वर्षांत दुकान कामाच्या दिवशी चारला बंद केलेलं मला आठवत नाही,' ते म्हणाले. नात म्हणाली, 'आजीनं चाळीस वर्षांत आपल्याबरोबर केक खाल्लेलाही मला आठवत नाही.' त्यावर ते काही बोलले नाहीत. मंगळवारी सायंकाळी त्यांनी हमालांना आणि गाडीवाल्यांना निरोप पाठविला की उद्याच्या गाड्या सकाळीच लावा.

पेढीवरचा जुना मुनीम निवृत्त होतो तेव्हा शहाणा मालक आधी एक यादी करतो. पत्रव्यवहार कोण पाहील, वसुलीला कोण जाईल, किल्ल्या कोणाकडे राहतील? ही यादी न करता केवळ खुर्ची रिकामी केली तर पेढी ढासळते आणि दोष मात्र निवृत्त होणाऱ्याच्या माथी येतो. नियमाचेही असेच आहे. अंडे वगळले, लोणी वगळले, रात्र वगळली, एवढ्याने भागत नाही. वगळलेल्याचे काम कोणीतरी अंगावर घ्यावे लागते. लोण्याचे काम तुपाने आणि चमचाभर दुधाने घेतले, अंड्याचे काम मक्याच्या सत्त्वाने, तुपाने आणि केशराने घेतले. रात्रीच्या वेळेचे काम दुकानाच्या चार वाजण्याने घेतले. ते कोणी घेतले नव्हते तोपर्यंत साऱ्या नियमाचा भार एकट्या आजींच्या खुर्चीवर होता.

बुधवारी साडेचारला नऊ माणसे एका वेळी बसली. सोळा वड्या निघाल्या होत्या. सहा वड्या शेजारच्या घरी आधीच पोहोचत्या झाल्या होत्या. पहिली वडी आजींच्या बशीत ठेवली गेली. त्यांनी ती सावकाश खाल्ली. सर्वजण त्यांच्याकडे पाहत आहेत, हे त्यांच्या उशिरा लक्षात आले.

'मोहन बेताचं झालंय,' त्या म्हणाल्या. 'साखर थोडी कमी चालली असती.'

थाळ्यात एकच वडी उरली होती. तिचा अर्धा तुकडा त्यांनी स्वतःच्या हाताने उचलला आणि उरलेला अर्धा नातीच्या बशीत ठेवला. पाचला त्यांनी हात धुतले. सव्वापाचला दुकान पुन्हा उघडले.