पुस्तकातले शरीर आणि आपले शरीर

या वेळी एका छोट्या प्रयोगाने सुरुवात करू. त्याला खर्च नाही, औषध नाही. उजवा हात तळवा वर करून पुढे धरा. अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला टेकवा आणि मनगट किंचित आपल्याकडे वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी ताठ उभी राहिलेली दिसेल. पुष्कळ लोक तिला शीर म्हणतात, पण तिच्यातून रक्त वाहत नाही. ती एका लांबट स्नायूची दोरी आहे. डॉक्टर तिला टेंडन म्हणतात. आता डाव्या हाताने करून पाहा. मग घरातल्या सगळ्यांना करायला सांगा.

कुणाच्या दोन्ही मनगटांवर ती दिसेल, कुणाच्या एकाच, आणि कुणाच्या मुळीच दिसणार नाही. वैद्यकीय पुस्तके साधारणपणे शंभरातल्या १५ जणांना ही दोरी नसते असे धरतात. काही लोकसमूहांत हे प्रमाण कमी, तर काहींत जास्त आढळते. ज्याला ती नाही त्याची मूठ कमजोर नसते. तो ओझी उचलतो, हातोडा मारतो, शिवणयंत्र चालवतो, आणि आपल्याला काही नाही हे त्याला जन्मभर कळतही नाही. मात्र एखाद्या कामगाराचा हात यंत्रात सापडून बोटाची दोरी कायमची तुटली, तर हाताचे सर्जन पुष्कळदा हीच मनगटातली दोरी काढून बोटात बसवतात. म्हणून ऑपरेशनपूर्वी ती आहे की नाही हे त्यांना पाहावे लागते. नसेल तर दुसरीकडून, बहुधा पायातून घ्यावी लागते.

एवढ्यावरून आजचा विषय लक्षात येईल. माणसाचे शरीर आतून सगळ्यांचे एकसारखे नसते. चेहरे जसे वेगळे, तसेच रक्तवाहिन्यांचे फाटे, नसांचे मार्ग आणि अवयवांच्या जागाही वेगळ्या असतात. हा वेगळेपणा बहुतेक वेळा रोग नसतो. पण डॉक्टरांना तो ठाऊक नसेल, तर मात्र धोका होऊ शकतो.

शाळेच्या पुस्तकातले मानवी शरीराचे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. ते चित्र तयार व्हायला फार वर्षे लागली. दुसऱ्या शतकातील गॅलेन या वैद्याने माकडे, डुकरे अशा प्राण्यांची शरीरे फाडून पाहिली आणि माणसाचे शरीरही तसेच असेल असे लिहून ठेवले. पुढे हजाराहून अधिक वर्षे युरोपातील वैद्यांनी त्याचा शब्द प्रमाण मानला. इटलीतील पादुआ येथे शिकवणारे व्हेसालिअस यांनी स्वतःच्या हाताने मानवी शवांचे विच्छेदन केले आणि १५४३ साली आपला मोठा ग्रंथ छापला. गॅलेनने माणसाच्या खालच्या जबड्याची दोन हाडे सांगितली होती; व्हेसालिअस यांना एकच दिसले. ग्रंथात काय लिहिले आहे यापेक्षा डोळ्यांना काय दिसते ते खरे, हा धडा वैद्यकाला तेथून मिळाला.

पण पुस्तकातले चित्र म्हणजे बहुतेकांत जे आढळते त्याचे चित्र. ते हुबेहूब तुमचे किंवा माझे नव्हे. अमेरिकेतील मिशेल्स या शरीररचनाशास्त्रज्ञांनी २०० शवांमध्ये यकृताला रक्त नेणाऱ्या धमन्या तपासून १९६६ साली त्यांचे १० प्रकार मांडले. पुस्तकात दाखवतात तशी रचना त्यांना शंभरात फक्त ५५ जणांत आढळली. म्हणजे या एका बाबतीत जवळजवळ निम्मी माणसे पुस्तकाबाहेरची निघाली!

हा फरक बहुधा आईच्या पोटातच पडतो. मूत्रपिंडाचेच उदाहरण घ्या. गर्भ दीड-दोन महिन्यांचा असताना दोन्ही मूत्रपिंडे खाली ओटीपोटात तयार होतात आणि हळूहळू वर कमरेकडे सरकतात. कधी एक तयारच होत नाही. कधी एक खालीच राहते. कधी दोघांची खालची टोके एकमेकांना जुळतात आणि घोड्याच्या नालेसारखा आकार होतो. नालेसारखे मूत्रपिंड साधारण ५०० माणसांत एकाला असते, तर जन्मतः एकच मूत्रपिंड असलेले साधारण हजारात एक. यांपैकी कित्येकांना म्हातारपणापर्यंत याचा पत्ता नसतो.

पूर्वी हे कळत नव्हते. आता गल्लोगल्ली सोनोग्राफी होते आणि रिपोर्टावर लिहून येते. तो कागद घरी आला की रडारड सुरू होते. मुलगी असेल तर पहिला प्रश्न, आता हिचे लग्न कसे होणार? मग कुणी आजीबाई सुनेला विचारतात, पोटुशी असताना ग्रहण पाळले नव्हतेस का? भाजी चिरली होतीस का? भगिनींनो, या बोलण्यात काडीचेही तथ्य नाही. ग्रहणाचा, नजरेचा किंवा मागच्या जन्माचा याच्याशी संबंध नाही. विळीवर भाजी चिरणाऱ्या आईचा यात काहीही दोष नाही.

एक मूत्रपिंड निरोगी असले तर माणूस शिकतो, काम करतो, संसार करतो. मुलींना पुढे मूलबाळही होते. काळजी घ्यायची ती एवढीच: वर्षातून एकदा रक्तदाब आणि लघवी तपासावी, अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून मनाने खाऊ नयेत आणि लघवीला जळजळ झाली तर अंगावर काढू नये. मुलीला एकच मूत्रपिंड असेल तर गर्भाशयाच्या रचनेतही कधी फरक असतो. म्हणून मोठी झाल्यावर त्याचीही सोनोग्राफी करून घ्यावी आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांना आधीच सांगावे. मूत्रपिंड नालेसारखे असेल तर खडा आणि जंतुसंसर्ग होण्याची शक्यता थोडी जास्त असते. माहिती असली की हे सारे वेळेवर होते. लपवली तर नुकसान आपलेच.

आता पोटदुखीचे पाहू. अपेंडिक्स म्हणजे आंत्रपुच्छ. ते उजवीकडे खाली दुखते असे आपण ऐकून असतो. पण त्याचे टोक सर्वांचे एकाच दिशेला नसते. लंडनचे शल्यचिकित्सक वेकली यांनी १९३३ साली १०,००० शवांतील पाहणी प्रसिद्ध केली. शंभरात ६५ जणांचे अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडलेले होते आणि ३१ जणांचे खाली ओटीपोटात उतरलेले होते. नंतरच्या पाहण्यांत आकडे वेगवेगळे आले, पण मुद्दा तोच राहिला. मागे दडलेले अपेंडिक्स सुजले तर कमरेत किंवा पाठीकडे दुखते आणि पुढून पोट फारसे दुखरे लागत नाही. ओटीपोटातले सुजले तर लघवीला जळजळ होते, जुलाब होतात. बाईमाणूस असेल तर घरचे म्हणतात, पाळीचे दुखणे असेल, झोप जरा. त्यात दिवस जातो आणि अपेंडिक्स फुटते.

याहून नवल म्हणजे, साधारण दहा हजारांत एखाद्या माणसाचे सगळे अवयव आरशात पाहावे तसे उलट बाजूला असतात. हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे. अशा माणसाचे अपेंडिक्स डावीकडे दुखू शकते. म्हणून लक्षात ठेवा: बेंबीभोवती सुरू झालेले दुखणे काही तासांत एका बाजूला सरकले, मळमळ-उलटी झाली, अन्नावरची वासना गेली, अंगात कसर आली, तर दुखणे नेमके कोठे आहे याचा वाद घालत बसू नये. पोट चोळू नये, शेक देऊ नये, जुलाबाचे औषध तर मुळीच देऊ नये. सरळ दवाखाना गाठावा.

तिसरे उदाहरण पित्ताशयाच्या खड्यांचे. पित्ताशय काढण्याचे पहिले ऑपरेशन बर्लिनचे लांगेनबुख यांनी १८८२ साली केले. दुर्बिणीतून हे ऑपरेशन भारतात प्रथम झाले ते आपल्या मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, १९९० साली. ते डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केले. आज तालुक्याच्या गावीही ते होते. जखम लहान, घरी लवकर परत आणि कामावर लवकर हजर. हातावर पोट असणाऱ्यांना याची किंमत कळते.

या ऑपरेशनात सर्जनला दोन गोष्टी बांधून कापायच्या असतात: पित्ताशयाची नळी आणि पित्ताशयाची धमनी. शेजारूनच यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नळी जाते. तिला धक्का लागता कामा नये. पण कुणाच्या पित्ताशयाची नळी फार आखूड असते. कुणाची मुख्य नळीला चिकटून बरीच खाली जाऊन मिळते. कुणाच्या यकृताची मोठी धमनी अगदी पित्ताशयाजवळून वळण घेते. त्यात सूज असली की ओळख आणखी अवघड. मुख्य नळीच पित्ताशयाची समजून कापली गेली तर कावीळ होते, पुन्हा मोठे ऑपरेशन करावे लागते आणि घर कर्जात बुडते. असे क्वचितच घडते, पण ज्याच्यावर येते त्याला ते फार महागात पडते. म्हणून अमेरिकेतील सर्जन स्ट्रासबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक शिस्त मांडली: भोवतालचा भाग नीट मोकळा करा, पित्ताशयात फक्त दोनच गोष्टी शिरताना स्पष्ट दिसू द्या, आणि तोवर काहीही कापू नका.

येथे नातेवाइकांनीही समजून घ्यायला हवे. दुर्बिणीने सुरू केलेले ऑपरेशन मध्येच पोट उघडून पूर्ण केले, किंवा पित्ताशयाचा थोडा भाग आतच ठेवला, तर डॉक्टरांना जमले नाही असा बोभाटा आपण करतो. पुष्कळदा तो पेशंट वाचवण्यासाठी घेतलेला शहाणा निर्णय असतो. का केले ते जरूर विचारावे, तो आपला हक्कच आहे. पण उत्तर मिळण्याआधी भांडू नये.

हे ज्ञान डॉक्टरांना मिळाले ते मृत देहांकडून. आपल्या देशात कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात १८३६ साली पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले. प्रेताला हात लावणे म्हणजे विटाळ मानणाऱ्या समाजात ती मोठी हिंमत होती. आपल्याकडे १९४९ च्या ॲनाटॉमी कायद्याने बेवारस मृतदेह मेडिकल कॉलेजांना देण्याची सोय झाली. म्हणजे ज्यांचे प्रेत न्यायला कुणी आले नाही अशा माणसांनीही डॉक्टरांना शिकवले आहे. २०१८ साली अमेरिकेत देहदान केलेल्या एका वृद्ध बाईच्या शरीरात विद्यार्थ्यांना पोटातले अवयव उलट्या बाजूला आढळले. ती नव्वदी ओलांडून जगली होती, तिची ऑपरेशनेही झाली होती, पण घरच्यांना याची कल्पना नव्हती. ऑपरेशन करणाऱ्या एका सर्जनने तिचे अपेंडिक्स भलत्याच जागी असल्याचे टिपून ठेवले होते. ती नोंद पुढे कुणाच्या उपयोगी पडली नाही.

आपल्या घरांत असेच होते. ऑपरेशन झाले, टाके निघाले की डिस्चार्ज कार्ड पत्र्याच्या पेटीत किंवा रद्दीत जाते. एक्स-रेच्या फिल्मने खिडकीची फुटलेली काच झाकली जाते. दहा वर्षांनी दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांपुढे आपण पुन्हा कोरे जाऊन उभे राहतो.

म्हणून एवढे करा. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांना विचारा, आत काही वेगळे आढळले का? आढळले असेल तर कार्डावर लिहून मागा. सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एक्स-रे, कार्ड हे सगळे प्रत्येकाचे वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवा. शिकणाऱ्या मुलामुलींनी ते कागद आईवडिलांना मोठ्याने वाचून दाखवावेत आणि मुख्य गोष्ट एका वहीत मराठीत लिहावी: कुणाला एकच मूत्रपिंड, कुणाचे हृदय उजवीकडे, कुणाचे कोणते ऑपरेशन कोणत्या साली झाले, कुणाला कोणते औषध सोसत नाही. पुन्हा दवाखान्यात जाल तेव्हा कुणी विचारण्याची वाट न पाहता ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना वेळ थोडा असतो. दोन ओळी वाचायला मात्र तेवढा पुरतो.