वाद टोपीचा, पोट कारागिराचे

२५ नोव्हेंबर २०२५ रोजी तुर्कस्तानच्या ‘टोपी कायद्या’ला १०० वर्षे पूर्ण झाली. १९२५ मध्ये मुस्तफा कमाल यांच्या सरकारने हा कायदा केला. खासदारांनी आणि सरकारी नोकरांनी युरोपियन पद्धतीची हॅट घालावी, साऱ्या राष्ट्राची टोपी आता हीच, याच्या उलट सवय सरकार चालू देणार नाही, असा त्याचा मतलब. लाल, गोंड्याची फेज, जिला आपल्याकडे तुर्की टोपी किंवा रूमी टोपी म्हणतात, ती डोक्यावर ठेवणे गुन्हा ठरले. एर्झुरूम, रिझे, माराश या शहरांत लोक रस्त्यावर उतरले. काहींना फाशी झाली. इस्किलिपचे आलिम आतिफ होजा यांना ४ फेब्रुवारी १९२६ रोजी फासावर चढवले. ज्या पुस्तिकेवरून त्यांच्यावर खटला चालला ती कायदा होण्याच्या आधी, १९२४ मध्ये छापलेली होती.

हा कायदा आजही कागदावर जिवंत आहे. तुर्कस्तानच्या १९८२ च्या संविधानातले कलम १७४ त्याला संरक्षण देते.

आपल्याला हे फार दूरचे वाटायचे कारण नाही. २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या ड्रेस कोडमध्ये हिजाब आणि बुरख्यासोबत टोपीचेही नाव होते. मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. पुढे ९ ऑगस्ट २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने हिजाब, टोपी आणि बॅज यांच्याबाबतच्या मजकुराला अंतरिम स्थगिती दिली.

टोपी घालायची की नाही, कोणी घालायची, कुठे घालायची, यावर सरकार बोलते, कोर्ट बोलते, टीव्हीवाले बोलतात, आपणही बोलतो. पण टोपी बनवणाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही. गेल्या २०० वर्षांचा टोपीचा इतिहास कारागिराच्या बाजूने पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. टोपीवर हल्ला झाला तेव्हा कारागीर बुडाला. आणि टोपीचा जयजयकार चालू होता, तेव्हाही तो बुडतच होता.

फेज आली कुठून?

फेज मुळात काही अनादी काळापासूनची इस्लामी टोपी नाही. सुलतान महमूद दुसरा याने १८२०च्या दशकात जुनी जानिसारी फौज मोडून नवी फौज उभी केली. तिच्यासाठी त्याने ही टोपी निवडली आणि १८२९ मध्ये सरकारी नोकरांनाही ती लागू केली. हुस्रेव पाशाने आपल्या नौसैनिकांच्या डोक्यावर ती आधीच चढवली होती आणि त्या टोप्या आल्या होत्या ट्युनिसहून. पगडी सोडायला लावली म्हणून तेव्हाही लोक नाराज झाले. जी टोपी १९२५ मध्ये दीनची निशाणी म्हणून लोकांनी छातीशी धरली, तीच १०० वर्षांपूर्वी सरकारी हुकूम म्हणून डोक्यावर आली होती.

तरी ती रुजली, कारण ती कामाची होती. तिला कड नाही, त्यामुळे सजद्यात कपाळ सरळ जमिनीला टेकते. १९२५ नंतर तुर्कस्तानातल्या नमाजींनी कॅप घातली तेव्हा नमाजेच्या वेळी तिची चोच मागे फिरवावी लागायची, ती याचसाठी.

ट्युनिसची शेशिया: एक टोपी, अनेक हात

ट्युनिसमध्ये या लाल टोपीला शेशिया म्हणतात. ती मऊ असते आणि तिला ताठ साचा नसतो. १६०९ पासून स्पेनने आपल्या मुस्लिम वंशाच्या लोकांना, म्हणजे मोरिस्कोंना, देशाबाहेर काढले. त्यातले हजारो ट्युनिसला आले आणि त्यांनी हा धंदा तिथे वाढवला. जुन्या शहरातला शवाशींचा, म्हणजे शेशिया बनवणाऱ्यांचा बाजार १७व्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. तो आजही तिथेच आहे.

काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. आरियाना भागातल्या बाया घरी बसून लोकरीची पांढरी टोपी विणतात. ती मुद्दाम खूप मोठी विणतात, कारण पुढे ती आकसणार असते. मग ती मेजर्दा नदीवरच्या अल बतानला जाते. तिथे गरम पाण्यात आणि साबणात ती इतकी तुडवली जाते की विणीचे टाके दिसेनासे होतात. लोकर एकजीव होते, तिचा नमदा बनतो. त्यानंतर वाळलेल्या काटेरी बोंडांनी ती घासतात, म्हणजे वर मखमलीसारखी लव येते. ही बोंडे अल आलिया गावाकडची. रंगाईसाठी जुन्या काळापासून जग्वानच्या पाण्याचे नाव आहे. शेवटी टोपी पुन्हा बाजारात कारागिराकडे येते. तो तिला साच्यावर चढवून आकार देतो, पुन्हा घासतो, लव कातरून सारखी करतो, दाबतो आणि आपल्या दुकानाची खूण उमटवतो.

गावोगावचे हात लागल्यावर एक टोपी तयार होते. यातला एक हात थांबला तर सगळी साखळी थांबते. विणणाऱ्या बाया कमी झाल्या तर बाजारातला उस्ताद कितीही हुशार असो, तो काय घासणार?

आज या बाजारात थोडीच दुकाने खरे काम करतात. ट्युनिसचे तरुण रोज शेशिया घालत नाहीत. ईद, लग्न, सुंता, एवढ्यापुरती ती निघते. मोठे गिऱ्हाईक शेजारचा लिबिया होता. तिथे २०११ नंतर जी अस्थिरता आली तिचा फटका या दुकानांना बसला. वरून स्वस्त, यंत्रावरची नक्कल आहेच.

कैरोचा तरबूश: पितळी कालबूत

इजिप्तमध्ये हीच टोपी ताठ असते. तिला तरबूश म्हणतात. अल-अजहर मशिदीजवळच्या गूरिया भागात हातावर मोजण्याइतकी दुकाने उरली आहेत. तिथले मुख्य हत्यार म्हणजे पितळी साचा. अरबीत त्याला कालिब म्हणतात, आपल्याकडचे जुने कारागीर कालबूत म्हणतात. प्रत्येक मापाचा कालबूत वेगळा.

आधी गिऱ्हाइकाच्या डोक्याचे माप घेतात. मग ताडवर्गीय झाडाच्या पात्याचे किंवा गवताचे विणलेले टोपले साच्यावर बसवतात. टोपीचा ताठपणा यातून येतो. त्यावर ओला करून मऊ केलेला लाल नमदा ओढून चढवतात. वरून पितळी टोपण घालून खाली आच देतात आणि दाबतात. वाफ निघते, नमदा साच्याला चिकटून बसतो, सुरकुती उरत नाही. थंड झाल्यावर आत अस्तर, घाम टिपायला चामड्याची पट्टी आणि वर काळा गोंडा शिवतात. हे जोडकाम सगळे हाताचे. घाई केली तर टोपी आठवड्यात वाकडी होते.

हे दुकान आज कोणाच्या जिवावर चालते? पर्यटक आणि नाटक-सिनेमावाले येतात, पण भरवशाचे गिऱ्हाईक म्हणजे अल-अजहरचे लोक. लाल टोपीवर पांढरे कापड गुंडाळलेला इमामा हा तिथल्या शेखांचा आणि कारींचा पेहराव आहे. एका संस्थेने आपला पेहराव टिकवला म्हणून एक धंदा अजून श्वास घेतोय.

जयजयकारातही नुकसान

आता दुसरी बाजू. फेज साऱ्या उस्मानी सल्तनतीत शिरली तेव्हा मागणी प्रचंड वाढली. इस्तंबूलला ‘फेसहाने’ नावाचा सरकारी कारखाना निघाला. पण युरोपातल्या यंत्रांसमोर कोणाचेच चालेना. १९व्या शतकात ऑस्ट्रियाच्या कारखान्यांनी स्वस्त फेजनी बाजार भरून टाकला. मुसलमानाची ओळख म्हणून मिरवली जाणारी टोपी तयार होत होती बोहेमियात, आणि ट्युनिसचा उस्ताद दुकान बंद करत होता.

हे लोकांच्या ध्यानात कधी आले? ऑक्टोबर १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला तेव्हा. उस्मानी मुलखात ऑस्ट्रियन मालावर बहिष्कार पडला. बंदरातल्या हमालांनी माल उतरवायला नकार दिला. लोकांनी रस्त्यात फेज फाडल्या आणि पांढऱ्या देशी टोप्या घातल्या. बहिष्काराचा दबाव खरा होता. १९०९ मध्ये ऑस्ट्रियाला २५ लाख उस्मानी लिरा भरपाई कबूल करावी लागली. पण जोश ओसरल्यावर कारागिराचे दिवस पालटले नाहीत.

इजिप्तमध्ये १९३१ साली अहमद हुसेन या तरुणाने ‘किर्श प्रकल्प’ चालवला. विद्यार्थी घरोघर फिरले, प्रत्येकाकडून एक किर्श, म्हणजे एक छोटे नाणे घेतले आणि त्यातून तरबूशचा देशी कारखाना उभा राहिला. चंद्याच्या ताकदीचा हा सुंदर नमुना. मात्र १९५२ च्या क्रांतीनंतर तरबूश जुन्या राजवटीची निशाणी ठरला आणि गिऱ्हाईकच गेले. चंद्यातून कारखाना निघतो, रोजचे गिऱ्हाईक निघत नाही.

आपल्या घरातली टोपी

आता आपल्याकडे या. सर सय्यद यांच्या अलीगढ कॉलेजात तुर्की टोपी गणवेशात होती. कोकणातल्या आणि हैदराबादकडच्या जुन्या घरांत आजोबांच्या फोटोत ती अजून दिसते. ती गेली, त्याचे दुःख करण्यात अर्थ नाही. पेहराव बदलतो, आणि टोपीच्या आकारावर दीन अवलंबून नाही.

प्रश्न आजच्या टोपीचा आहे. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर जा. ढिगाने टोप्या असतात. त्यातल्या पुष्कळ चीन, बांगलादेश, इंडोनेशियातून आलेल्या. स्वस्त असतात, आपण दोन-चार उचलतो, ईदनंतर त्या कुठे जातात कळत नाही. हाताने विणलेली टोपी बाजूला पडलेली असते आणि तिची किंमत ऐकून आपण म्हणतो, ‘‘भाई, एवढे कसले?’’ ज्या बाईने रात्री मुलांना झोपवून ती विणली, तिच्या मजुरीतूनच ती घासाघीस वसूल होते.

याला उलट उदाहरणही आपल्या डोळ्यांसमोर आहे. दाऊदी बोहरा जमातीची पांढरी, सोनेरी काठाची टोपी घ्या. ती क्रोशाने हाताने विणली जाते, घरातल्या बायकाच विणतात, आणि जमातीतला पुरुष ती रोज घालतो. बोहरा असो वा नसो, धडा सगळ्यांसाठी आहे. जिथे समाज स्वतः कायमचे गिऱ्हाईक बनतो तिथे हुनर टिकते आणि बाईच्या हातात पैसा येतो. अल-अजहरची गोष्ट हीच, बोहरा टोपीची गोष्टही हीच.

मग आपण काय करू शकतो? मदरशांनी मुलांच्या टोप्या एकगठ्ठा घेताना गल्लीतल्या विणणाऱ्या, शिवणाऱ्या बायांना काम द्यावे, आणि ते रमजानच्या तोंडावर नाही, चार महिने आधी द्यावे. मशिदींच्या ट्रस्टनी प्लॅस्टिकच्या जाळीच्या टोप्यांचा डबा भरताना कापडी, धुता येणाऱ्या टोप्यांचा विचार करावा. निकाहात नवरदेवाच्या शेरवानीवर हजारो उडवतो, तिथे टोपीवर कारागिराची मजुरी द्यायला हात आखडू नये. घाम सुकण्याआधी मजुराची मजुरी द्या, ही शिकवण आपण मिंबरवरून ऐकतो, ती टोपीच्या दुकानातही लागू होते.

टोपी घालण्याच्या हक्कासाठी कोर्टात जावे लागले तर जावे, ते गरजेचेच आहे. पण कोर्ट फक्त घालण्याचा हक्क देईल. ती बनवणारी बाई घर चालवू शकेल की नाही, हे येत्या रमजानमध्ये आपण दुकानात काय उचलतो त्यावर ठरणार आहे.